पॅकेटांची रांग कुठे लावावी? नेटवर्क ड्रायव्हरमधील प्रेषण-रांगांचा आढावा

दोन रांगा आणि मधला ड्रायव्हर

संगणकातून निघालेले पॅकेट तारेवर पोहोचेपर्यंत निदान दोन रांगांमध्ये थांबते. पहिली रांग ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत असते. लिनक्समध्ये तिला क्यूडिस्क म्हणतात. कोणते पॅकेट आधी सोडायचे आणि कोणते टाकून द्यायचे, हे तिथे ठरते. दुसरी रांग नेटवर्क कार्डाची. तिच्यात शिरलेल्या पॅकेटचा क्रम बदलत नाही आणि ते परत घेता येत नाही. कार्ड आपल्या वेगाने ते तारेवर ढकलते. पहिल्या रांगेतून पॅकेट उचलून दुसरीत ठेवणारा, दुसरी भरली की पहिलीला थांबवणारा आणि जागा झाली की पुन्हा चालू करणारा दुवा म्हणजे ड्रायव्हर.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजाराचे उदाहरण घेतले तर ही मांडणी लगेच ध्यानात येते. लिलावाच्या आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप लावलेले असतात; तिथे कोणाचा नंबर कधी, हे ठरवता येते. लिलाव झाला की वाहन भुईकाट्याकडे वळते. काट्यापुढे एकामागे एक लागलेल्या वाहनांतले मधलेच एखादे बाहेर काढता येत नाही. आवारातली रांग म्हणजे क्यूडिस्क, काट्यापुढची रांग म्हणजे कार्डाची रिंग. काटा रिकामा पडू नये एवढीच वाहने त्याच्यापुढे हवीत. त्याहून जास्त लावली तर मागून आलेल्या तातडीच्या गाडीला वाट मिळत नाही. प्रेषण-रांगांविषयीचे बरेचसे संशोधन आणि बराचसा कोड या एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कार्डापुढे किती उभे करायचे, आणि उरलेल्यांना कुठे आणि कोणत्या शिस्तीने थांबवायचे?

कार्डाची रिंग

कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यातला व्यवहार मेमरीतल्या एका ठरावीक आकाराच्या तक्त्यावर चालतो. या तक्त्याच्या प्रत्येक घराला डिस्क्रिप्टर म्हणतात. इंटेलच्या ई-१००० कुळातील कार्डांत एक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा असतो. पॅकेटचा मजकूर मेमरीत कुठे आहे, तो किती लांब आहे, पॅकेट इथे संपते का आणि काम झाल्यावर कळवायचे का, एवढी माहिती त्यात मावते. शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिले घर येते, म्हणून तक्त्याला रिंग हे नाव पडले. लिनक्सचा ई-१००० ड्रायव्हर आपणहून २५६ घरांची रिंग घेतो.

रिंगवर दोन खुणा फिरतात. शेपटीची खूण ड्रायव्हर पुढे सरकवतो: इथपर्यंत माल भरला आहे. डोक्याची खूण कार्ड पुढे सरकवते: इथपर्यंत उचलला आहे. दोन्ही खुणा एकाच घरावर आल्या तर रिंग रिकामी समजतात. पूर्ण भरलेल्या रिंगमध्येही त्या एकाच घरावर आल्या असत्या, म्हणून एक घर मुद्दाम रिकामे सोडण्याची पद्धत आहे. २५६ घरांच्या रिंगमध्ये प्रत्यक्ष वापराची घरे त्यामुळे २५५ उरतात.

शेपटीची खूण सरकवण्यासाठी कार्डाच्या रजिस्टरवर लिहावे लागते. या लिहिण्याला डोअरबेल म्हणतात. घंटा वाजवण्याआधी डिस्क्रिप्टर मेमरीत पूर्ण उतरलेला असला पाहिजे. आजचे प्रोसेसर लेखनाचा क्रम आपल्या सोयीने बदलतात, त्यामुळे दोन्हींच्या मधे मेमरी बॅरियर घालावी लागते. ती विसरली तर कार्ड अर्धवट भरलेले घर वाचू शकते. असा दोष एका प्रकारच्या यंत्रावर वर्षानुवर्षे लपून राहतो आणि दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर पहिल्याच दिवशी उघडा पडतो.

घंटा वाजवणे महागही असते. १० गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान फ्रेम, आधीची खूण आणि मधली मोकळी जागा धरून, ८४ बाइट व्यापते. तिला ६७.२ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख फ्रेम. एवढ्या वेळात प्रत्येक पॅकेटसाठी वेगळी घंटा परवडत नाही. म्हणून २०१४ च्या अखेरीस आलेल्या कर्नल ३.१८ मध्ये ‘मागून आणखी येत आहे’ असे ड्रायव्हरला सांगण्याची सोय झाली. क्यूडिस्क पॅकेटांचा गठ्ठा उचलते, ड्रायव्हर घरे भरत जातो आणि शेवटच्या पॅकेटनंतर एकदाच घंटा वाजवतो. यात एक खाच आहे. ‘आणखी येत आहे’ असा निरोप असूनही रिंग भरल्यामुळे रांग थांबवावी लागली, तर घंटा त्याच क्षणी वाजवलीच पाहिजे. नाहीतर घरे भरलेली आणि कार्ड मात्र स्वस्थ बसलेले, अशी गत होते.

थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे

लिनक्सच्या २.२ मालिकेपर्यंत प्रत्येक उपकरणाला ‘प्रेषण व्यग्र’ असा एक साधा झेंडा असे आणि ड्रायव्हर तो वर-खाली करीत. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ पासून त्याची जागा रांग थांबवण्याच्या आणि जागी करण्याच्या नेमक्या क्रियांनी घेतली. त्यांचा करार आजही तोच आहे. क्यूडिस्क पॅकेट देते तेव्हा ते घेण्याइतकी जागा रिंगमध्ये असलीच पाहिजे. पुढच्या पॅकेटला जागा पुरणार नाही असे दिसताच ड्रायव्हरने रांग आधीच थांबवायची. पॅकेट हातात आल्यावर ‘जागा नाही’ म्हणून परत करण्याची सोय आहे, पण नेहमीच्या कामकाजात ती वापरणे हा ड्रायव्हरचा दोष मानला जातो.

पुढच्या पॅकेटला किती घरे लागतील हे आधी माहीत नसते. पॅकेटचा मजकूर मेमरीत तुकड्यातुकड्यांनी पसरलेला असू शकतो आणि प्रत्येक तुकड्याला निदान एक घर लागते. नेहमीच्या कर्नलमध्ये तुकड्यांची कमाल संख्या १७ आणि मथळ्याचे एक घर वेगळे. म्हणून शहाणा ड्रायव्हर सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो: मोकळी घरे त्या मर्यादेखाली गेली की थांबायचे. पुन्हा सुरू करण्याची मर्यादा त्याहून वरची ठेवतात. एक घर मोकळे झाले की रांग जागी करायची आणि एक पॅकेट घेऊन पुन्हा झोपवायची, असा खेळ चालू राहिला तर पॅकेटांपेक्षा थांबण्या-उठण्यावरच जास्त वेळ जातो.

या थांबवण्या-उठवण्यातच ड्रायव्हरांतला एक प्रसिद्ध दोष दडलेला असतो. समजा, पहिल्या प्रोसेसरवर प्रेषणाचे काम चालू आहे. त्याने पाहिले, रिंग भरली आहे. आता रांग थांबवायची. तेवढ्यात दुसऱ्या प्रोसेसरवर झालेल्या कामाची आवराआवर चालू होते. त्याने सगळी घरे मोकळी केली आणि रांग थांबलेली आहे का ते पाहिले. ती अजून थांबलेली नव्हती, म्हणून त्याने ती उठवली नाही. त्यानंतर पहिल्याने रांग थांबवली. आता रिंग पूर्ण मोकळी आहे, रांग बंद आहे आणि तिला उठवणारे कोणी उरले नाही, कारण कार्डाकडे पाठवायला काही नसल्याने पुढची आवराआवर होणारच नाही. उपाय साधा आहे, पण तो नेमक्या क्रमाने करावा लागतो: आधी रांग थांबवायची, मग मेमरी बॅरियर घालायची, मग मोकळी घरे पुन्हा मोजायची. मधल्या काळात जागा झालेली दिसली तर रांग आपणच पुन्हा चालू करायची. आवराआवर करणाऱ्यानेही घरे मोकळी केल्याची नोंद आधी आणि रांगेची चौकशी नंतर करायची. हा क्रम प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने लिहीत असे आणि चुकतही असे. २०२३ मध्ये कर्नल ६.४ मध्ये त्यासाठी सामायिक मॅक्रो आले.

फ्रीबीएसडीमध्ये नावे वेगळी आहेत. तिथल्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांत ‘बाहेरची वाट व्यग्र’ असा झेंडा असतो. पण करार आणि त्यातले धोके तेच.

झालेल्या कामाची आवराआवर

कार्डाने पॅकेट उचलले की डिस्क्रिप्टरमध्ये ‘झाले’ अशी खूण उमटते. त्यानंतर ड्रायव्हरने पॅकेटची मेमरी सोडायची असते. प्रत्येक पॅकेटमागे एक इंटरप्ट घेतला तर प्रोसेसर इंटरप्टांतच बुडेल. म्हणून कार्डे थोडा वेळ थांबून एकच इंटरप्ट देतात. त्यानंतर ड्रायव्हर नापी या पद्धतीने इंटरप्ट बंद ठेवून रिंग चाळतो आणि सापडतील तेवढी घरे मोकळी करतो. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात येणाऱ्या पॅकेटांसाठी होती. जाणाऱ्या पॅकेटांची आवराआवरही तिच्यातच होऊ लागली.

ही आवराआवर लांबवून चालत नाही. पाठवलेले पॅकेट जोवर मोकळे होत नाही, तोवर ते पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सॉकेटच्या खात्यावर बोजा म्हणून राहते. खाते भरले की प्रोग्रॅम थांबतो. ‘पुढचे पॅकेट येईल तेव्हा मागचे साफ करू’ असा आळस केलेल्या ड्रायव्हरमध्ये पुढचे पॅकेट कधी येतच नाही, कारण पाठवणारा मागचे साफ होण्याची वाट पाहत असतो. म्हणून प्रत्येक पॅकेट ठरावीक मुदतीत मोकळे झालेच पाहिजे, हा कर्नलचा लेखी नियम आहे.

कार्डच अडकले तर त्यासाठी राखणदार असतो. रांग थांबलेली आहे आणि ठरलेल्या मुदतीत एकही पॅकेट गेले नाही, असे दिसले की कर्नल नोंदवहीत इशारा लिहितो आणि ड्रायव्हरच्या सुटकेच्या क्रियेला हाक मारतो. ड्रायव्हरने मुदत दिली नसेल तर कर्नल ५ सेकंद धरतो. बहुतेक ड्रायव्हर अशा वेळी कार्ड नव्याने सुरू करतात. मात्र हा इशारा दिसला म्हणजे कार्डच बिघडले असे नव्हे. वर सांगितलेल्या थांबण्या-उठण्याच्या चुकीनेही तोच इशारा येतो.

एकाच्या अनेक रांगा

प्रोसेसरचे कोअर वाढले तशी एका रिंगवरचे एकच कुलूप अडचणीचे ठरले. दहा कोअर एकाच कुलपासाठी थांबत. कार्डे अनेक रिंगांची होऊ लागली आणि २००८ मध्ये कर्नल २.६.२७ मध्ये डेव्हिड मिलर यांनी प्रेषणाची रचनाच बदलली. थांबणे, उठणे, कुलूप आणि क्यूडिस्क ही सारी उपकरणाऐवजी प्रत्येक रिंगच्या रांगेशी जोडली गेली. २०११ मध्ये २.६.३८ मध्ये टॉम हर्बर्ट यांची एक्सपीएस ही सोय आली. कोणत्या कोअरने कोणत्या रांगेत पॅकेट टाकावे, याचा तक्ता तिच्यात देता येतो. एकेका कोअरला आपापली रांग मिळाली तर कुलपाची वाट पाहणे जवळजवळ संपते.

अनेक रांगांचा एक धोका म्हणजे क्रम बिघडणे. एकाच टीसीपी जोडणीची पॅकेटे दोन रांगांत गेली तर मागचे आधी पोहोचू शकते. पलीकडचा संगणक त्याला हरवलेले समजतो आणि वेग कमी होतो. म्हणून एखाद्या जोडणीची रांग बदलायची तर तिची आधीची पॅकेटे मार्गी लागली आहेत, याची खात्री कर्नल आधी करून घेतो. दुसरा धोका न्यायाचा आहे. प्रत्येक रांगेत आतून चोख न्याय असला, तरी रांगारांगांमध्ये कोणाला किती द्यायचे हे कार्ड ठरवते, आणि ते क्यूडिस्कला विचारून ठरवत नाही.

लांबी किती?

रिंग आणि क्यूडिस्क जेवढी लांब, तेवढी पॅकेटे कमी टाकून द्यावी लागतात. म्हणून लांब रांग चांगली, असे बराच काळ मानले गेले. हिशेब मांडला की त्याची किंमत दिसते.

ईथरनेटसाठी लिनक्सची ठरलेली रांग १,००० पॅकेटांची असे. १,५१४ बाइटचे एक याप्रमाणे १,००० पॅकेटे म्हणजे सुमारे १.२१ कोटी बिट. १ गिगाबिटच्या तारेवर ती १२ मिलिसेकंदांत संपतात. कोणाला जाणवतही नाही. नाशिकमधल्या एखाद्या घरात हीच तार खिळ्याखाली दबून तिच्या चार जोड्यांपैकी एक तुटली, असे धरू. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. कार्ड गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. रांग मात्र १,००० चीच राहते आणि आता ती रिकामी व्हायला १२१ मिलिसेकंद लागतात. रिंगमधल्या २५६ घरांचे आणखी ३१. मुंबई नाशिकहून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराची जाऊन-येऊन फेरी दोन मिलिसेकंदांच्या आत होते. मुंबईला जाऊन यायला दोन आणि स्वतःच्या संगणकातून बाहेर पडायला दीडशे, असा हा हिशेब. आवाजी संभाषणासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ती सगळी मुदत इथे उंबऱ्याच्या आतच खर्च झाली.

टीसीपी या परिस्थितीत मदत करत नाही, उलट भर घालते. पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत नेण्याचा तिचा स्वभाव आहे. रांग लांब असली की पॅकेट हरवत नाही, म्हणून टीसीपी रांग भरेपर्यंत थांबत नाही. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की अमर्याद साठवण दिली तरी गर्दीचा प्रश्न सुटत नाही. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिले आणि ते घरोघरी मोजले जाऊ लागले.

घरे नव्हे, बाइट मोजा

पहिली दुरुस्ती रिंगच्या बाजूने झाली. रिंगची लांबी घरांत मोजली जाते. पण घर रिकामे व्हायला लागणारा वेळ आतल्या बाइटांवर ठरतो. २५६ घरांत ६६ बाइटच्या टीसीपी पोचपावत्या असल्या तर १० मेगाबिटच्या तारेवर त्या साडेतेरा मिलिसेकंदांत जातात. १,५१४ बाइटची पॅकेटे असली तर ३१० मिलिसेकंद लागतात. बाजाराची आवक जशी वाहनांत सांगतात तशीच क्विंटलमध्येही सांगतात, पण काट्याला किती वेळ पुरेल हे क्विंटलच सांगतात. शंभर वाहने म्हणजे शंभर भरलेल्या ट्रॉल्या की शंभर पिकअप, हे नुसत्या संख्येवरून कळत नाही.

टॉम हर्बर्ट यांनी लिहिलेली बाइट-मर्यादेची यंत्रणा मार्च २०१२ मध्ये कर्नल ३.३ मध्ये आली. तिचे संक्षिप्त नाव बीक्यूएल. ड्रायव्हरने दोनच गोष्टी सांगायच्या: रिंगमध्ये इतके बाइट टाकले, आणि इतके बाइट पूर्ण झाले. यंत्रणा त्यावरून मर्यादा शोधते. मर्यादेमुळे रांग अडवलेली असताना कार्ड रिकामे पडले, तर मर्यादा कमी होती. ती वाढवली जाते. कार्डाकडे सतत काही बाइट शिल्लकच राहत असतील, तर मर्यादा जास्त आहे. काही काळ पाहून ती उतरवली जाते. हा काळ ठरलेल्या मांडणीत एक सेकंद असतो. परिणाम असा की रिंग कितीही लांब असली तरी तिच्यात कार्डाला पुरेल एवढेच राहते आणि बाकीची पॅकेटे क्यूडिस्कमध्ये थांबतात, जिथे त्यांच्यात निवड करता येते.

ड्रायव्हरकडून यासाठी फार काम लागत नाही, पण हिशेब बिनचूक हवा. टाकताना मोजलेले बाइट आणि पूर्ण झाल्यावर मोजलेले बाइट जुळले पाहिजेत. टाकल्यापेक्षा जास्त पूर्ण झाल्याचे सांगितले तर कर्नल ते सहन करत नाही, जागच्या जागी कोसळतो. कमी सांगितले तर न आलेल्या बाइटांची वाट पाहत रांग कायमची बंद पडू शकते. कार्ड नव्याने सुरू करताना रिंग रिकामी केली जाते. तेव्हा हे खातेही शून्यावर आणायचे असते. ते राहून गेले तर कार्ड सुरू होते आणि रांग बंदच राहते.

क्यूडिस्कमधली शिस्त

रिंग आखूड झाली की सारा भार क्यूडिस्कवर येतो. लिनक्सची जुनी क्यूडिस्क तीन पट्ट्यांची होती: तातडीचे, नेहमीचे आणि सवडीचे. एका पट्टीत जो आधी आला तो आधी सुटे. एका मोठ्या फाइलची हजार पॅकेटे पुढे लागली की त्याच पट्टीतले फोनचे पॅकेट हजाराव्या मागे.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. एक बाजू कधी आणि किती टाकून द्यायचे याची. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये रेड ही पद्धत मांडली. रांगेची सरासरी लांबी वाढत जाईल तशी पॅकेटे आधीपासूनच अधूनमधून टाकायची. पण तिचे आकडे प्रत्येक जागेसाठी जुळवून घ्यावे लागत आणि ते कोणी जुळवत नसे. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल मांडली. तिने लांबी मोजणे सोडून दिले आणि प्रत्येक पॅकेटने रांगेत किती वेळ काढला तेवढेच पाहिले. १०० मिलिसेकंदांच्या सबंध खिडकीत हा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर रांग तात्पुरती नाही, ठाण मांडून बसली आहे, असे समजायचे आणि पॅकेट टाकायला सुरुवात करायची. रांग हटली नाही तर टाकण्यातले अंतर हळूहळू कमी करत जायचे. तारेचा वेग बदलला तरी हे दोन आकडे सहसा बदलावे लागत नाहीत, हे तिचे बळ.

दुसरी बाजू वाटपाची. १९८९ मध्ये अ‍ॅलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी न्याय्य रांगेचे गणित मांडले. पण प्रत्येक पॅकेटमागे बरेच काम करावे लागे. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी ते काम जवळजवळ स्थिर खर्चात करून दाखवले. वर्गीस हे मुंबईच्या आयआयटीचे १९८१ चे पदवीधर. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक प्रवाहाचे एक उधारीचे खाते असते. समजा, प्रत्येक फेरीत खात्यात ५०० बाइट जमा होतात आणि पुढचे पॅकेट ७५० चे आहे. पहिल्या फेरीत ते जाऊ शकत नाही, पण ५०० शिल्लक राहतात. दुसऱ्या फेरीत १,००० होतात, ७५० चे पॅकेट जाते आणि २५० पुढे उरतात. मोठ्या पॅकेटवाल्याला जास्त मिळत नाही, लहानवाल्याचे बुडत नाही, आणि गुणाकार-भागाकाराची गरजच पडत नाही.

दोन्ही बाजू एरिक ड्युमाझे यांनी एकत्र आणल्या. जुलै २०१२ मधल्या कर्नल ३.५ पासून असलेली एफक्यू-कोडेल १,०२४ पोटरांगा ठेवते, त्यांच्यात उधारीच्या खात्याने वाटप करते आणि प्रत्येकीवर कोडेल चालवते. नव्याने आलेल्या प्रवाहाला आधी संधी मिळते, त्यामुळे नाव शोधण्याची विचारणा किंवा फोनचे तुरळक पॅकेट मोठ्या फाइलच्या मागे अडकत नाही. लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीने २०१४ मध्ये तिला ठरलेली क्यूडिस्क केले आणि ती कोट्यवधी यंत्रांवर पोहोचली. पुढे घरगुती राउटरसाठी केक आणि केबल मोडेमसाठी पाय या पद्धती आल्या. पाय आणि न्याय्य वाटप यांचा मेळ घालणारी एफक्यू-पाय २०२० मध्ये कर्नल ५.६ मध्ये आली. ती सुरतकलच्या एनआयटीके संस्थेतल्या गटाचे काम आहे.

वेळ पाहून सोडणे

रांग भरल्यावर ती आवरण्यापेक्षा भरूच न देणे बरे, हा पुढचा टप्पा. २०१२ मधल्या कर्नल ३.६ पासून टीसीपी एका जोडणीचे मोजकेच बाइट खालच्या रांगांत उतरवते आणि ते पूर्ण झाल्याची बातमी आली की पुढचे देते. ही बातमी ड्रायव्हरच्या आवराआवरीतून येते. ती उशिरा केली तर वेग पडतो. पाठवण्याआधीच पॅकेटचा सॉकेटशी संबंध तोडला तर मर्यादाच नाहीशी होते.

२०१३ मध्ये आलेली एफक्यू ही क्यूडिस्क पॅकेटे एकदम न सोडता ठरावीक अंतराने सोडते. गूगलच्या बीबीआर या टीसीपी पद्धतीचा पाया हाच. २०१८ मध्ये जेकबसन यांनी नेटडेव्ह परिषदेतल्या भाषणात प्रत्येक पॅकेटवर ‘याआधी जाऊ नये’ अशी वेळ लिहिण्याचा आग्रह धरला आणि कर्नल ४.२० मध्ये तशी सोय झाली. अशी हजारो वेळांची पॅकेटे कशी मांडायची, याचे एक उत्तर म्हणजे वेळेचे चक्र: घड्याळाच्या तबकडीसारखे कप्पे, आणि ज्याची वेळ आली तो कप्पा रिकामा करायचा. गूगलने २०१७ मध्ये मांडलेल्या कॅरोझेल या रचनेत हेच चक्र आहे. ते प्रथम १९८७ मध्ये वर्गीस आणि टोनी लॉक यांनी डेक कंपनीत असताना मांडले होते.

वाय-फाय आणि आडवाटा

तारेचा वेग ठरलेला असतो, वाय-फायचा क्षणोक्षणी बदलतो. एकाच राउटरवर एक फोन शेजारी आणि दुसरा भिंतीपलीकडे असला तर दूरच्या फोनचे एक पॅकेट जवळच्याच्या कितीतरी पट वेळ हवा अडवते. बाइटांचे समान वाटप केले तर दोघेही दूरच्याच्या वेगावर येतात. इथे बाइटांऐवजी हवेतला वेळ वाटावा लागतो. टोके होइलँड-योर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही मांडणी लिनक्सच्या वाय-फाय थरात दाखवली. रांगा ड्रायव्हरमधून काढून वरच्या सामायिक थरात नेल्या आणि प्रत्येक उपकरणाला वेळेची उधारी दिली. कर्नल ५.५ पासून कार्डाच्या आत किती ‘हवेतला वेळ’ साठू द्यायचा याचीही मर्यादा आली. बाइट-मर्यादेचे हे वाय-फायमधले भावंड.

काही वाटा या साऱ्या शिस्तीला बगल देतात. डीपीडीकेमध्ये प्रोग्रॅम थेट रिंगशी बोलतो. तिथे क्यूडिस्क नाही आणि थांबण्याचा निर्णय प्रोग्रॅमनेच घ्यायचा असतो. ड्रायव्हरमध्येच पॅकेट हाताळणाऱ्या एक्सडीपीने पुढे पाठवलेल्या पॅकेटांनाही रांग नाही. रिंगमध्ये जागा नसली तर पॅकेट टाकून दिले जाते. मोठी पॅकेटे कार्डाकडून कापून घेण्याच्या सोयीचाही इथे संबंध येतो. ६४ किलोबाइटचे एक अखंड पॅकेट १० मेगाबिटच्या तारेवर ५२ मिलिसेकंद घेते आणि त्याच्या मधे कोणालाच शिरता येत नाही. म्हणून केक असे पॅकेट ठरलेल्या मांडणीत आधीच तोडते.

कुठली रांग भरली हे ओळखणे

विलंब वाढला की आधी रांग शोधावी लागते. ईथटूल ही आज्ञा रिंगची घरे आणि तारेचा ठरलेला वेग दाखवते. गिगाबिटच्या जागी १०० दिसले तर दोष तारेत. टीसी ही आज्ञा क्यूडिस्कमधली थांबलेली आणि टाकून दिलेली पॅकेटे दाखवते. बाइट-मर्यादेच्या फाइलींत सध्याची मर्यादा आणि वाटेतले बाइट दिसतात. भर वाहतुकीत वाटेतले बाइट शून्यच राहत असतील, तर त्या ड्रायव्हरमध्ये ही यंत्रणा बसवलेलीच नाही. तिन्ही ठिकाणी सारे ठीक असूनही विलंब असेल, तर रांग संगणकाबाहेर, बहुधा मोडेममध्ये आहे. बाइट-मर्यादा फक्त आपल्या कार्डाची रांग आखूड करते. कार्ड गिगाबिटचे आणि मोडेमची बाहेरची वाट २० मेगाबिटची असेल तर रांग मोडेममध्येच लागणार. अशा वेळी राउटरवर केकला बाहेरच्या वेगाहून थोडा कमी वेग सांगतात. मग रांग मोडेमऐवजी राउटरवर लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते.

ड्रायव्हरच्या वाट्याचे

या साऱ्यात ड्रायव्हर स्वतः कोणाला पुढे, कोणाला मागे हे ठरवत नाही. त्याच्याकडून पाच गोष्टींची अपेक्षा असते: जागा संपण्याआधी रांग थांबवणे, थांबवल्यावर जागा पुन्हा तपासणे, झालेले पॅकेट मुदतीत मोकळे करणे, टाकलेले आणि झालेले बाइट चोख कळवणे, आणि कार्ड नव्याने सुरू करताना बाइटांचे खाते शून्यावर आणणे. या पाच गोष्टी पाळणाऱ्या ड्रायव्हरवर एफक्यू-कोडेल, केक किंवा वेळ पाहून सोडणारी कोणतीही क्यूडिस्क नीट चालते. त्यातली एक जरी चुकली तर पॅकेटे कार्डाच्या रिंगमध्ये साचतात, किंवा बंद पडलेल्या रांगेमागे अडकतात. दोन्ही ठिकाणी वरच्या शिस्तीचा हात पोहोचत नाही.